आमच्या मधल्या खोलीचा रंग

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दर वर्षी एका सभासद भगिनीने आपल्या अनुभवाचे चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव सुचविले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा शेजारच्या गावी, वाटेत ओढा आणि घरात धाकटी भावंडे. तेव्हा सातवीचा निकाल हाती घेतला तो शेवटचाच. सभेत बोलायचे म्हणजे माझ्या पायाला कंप सुटतो. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "भिशीला तुमच्या घरी आलो होतो, तेव्हा सगळ्याजणी मधल्या खोलीच्या रंगाचे विचारीत होत्या. तेच सांगा." असा हा विषय ठरला.

तेव्हा घराच्या भिंतीला फिका जांभळा रंग कसा द्यावा, तो कुठे शोभतो आणि कुठे फसतो, हे मी सांगणार आहे. त्याबरोबर त्या रंगावरून माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगणार आहे. कारण रंगाची माहिती दुकानदारही देईल; चूक मात्र ज्याची त्यानेच सांगावी लागते.

माझे माहेर जावळीच्या बाजूचे, डोंगराच्या कुशीतले. घराच्या पुढच्या भिंती दगडमातीच्या आणि मागच्या पडवीला कारवीचा कूड. कारवीच्या सरळ काठ्या एकीला एक लावून बांधायच्या आणि त्यांवर शेणमातीचा गिलावा करायचा, की झाली भिंत. ही कारवी आमच्या डोंगरावर रानभर माजते. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलते तेव्हा सगळा उतार निळसर जांभळा होऊन जातो. मी लहानपणी एकदा तो बहर पाहिला आणि तो रंग डोळ्यांत राहिला तो राहिलाच.

दिवाळीच्या आधी आई भिंतींना चुना देत असे. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो फसफसून उकळतो, म्हणून आम्हां मुलांना ती लांब उभे करी. दुसऱ्या दिवशी तो फडक्यातून गाळायचा, त्यात भिजवलेला डिंक घालायचा आणि थोडी नीळ. नीळ घातली की पांढरे अधिक पांढरे दिसते, हे आपल्याला कपड्यांवरून ठाऊक आहेच. एका वर्षी नीळ घालायचे काम माझ्याकडे आले आणि हात सैल सुटला. चुना निळा झाला. आई रागावेल म्हणून मी घाईघाईने तुळशीवृंदावनासाठी आणलेली काव त्यात मूठभर घातली. वाटले, तांबड्याने निळे मारले जाईल. ते मारले गेले नाही, तर फिका जांभळा रंग झाला! आई आधी ओरडली. मग पडवीच्या भिंतीला एक हात मारून जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "राहू दे. बरा दिसतोय." तो रंग वर्षभर आमच्या पडवीला होता. चुना ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, हेही मी तेव्हाच शिकले.

पुढे लग्न होऊन मी साताऱ्यास आले. आमचे घर आगगाडीच्या डब्यांसारखे, एकामागे एक तीन खोल्यांचे. मधल्या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेच्या बोळात उघडणारी. याच खोलीत माझ्या सासूबाईंची खाट, मुलीचे अभ्यासाचे टेबल आणि घरातली सगळी अंथरुणे. मी सासूबाईंना आत्याबाई म्हणते. बावीस वर्षे या खोलीला पिवळट डिस्टेंपर होते. रंगाचा विषय निघाला की आमचे हे म्हणायचे, "पांढरा द्या, उजेड पडेल." ह्यांची पिठाची गिरणी आहे. दिवसभर पांढऱ्यात राहून हे संध्याकाळी भुवयांसकट पांढरे होऊन घरी येतात. मी म्हटले, "नवरा पांढरा, आणि भिंतही पांढरीच कशाला?" त्यावर हे हसले आणि गेल्या वर्षी माझी भिशी लागली तेव्हा म्हणाले, "पैसे तुझे, रंगही तुझा." मैत्रिणींनो, कारवीच्या कुडानंतर भिंतीचा रंग मी ठरवायची ही पहिलीच वेळ होती.

"घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून" असे म्हणतात. मी त्यात "रंग पाहावा लावून" एवढे घालीन. कारण रंग देणे म्हणजे ब्रश फिरवणे नव्हे. निम्मे काम रंगाच्या आधीचे असते.

पहिली गोष्ट ओलीची. आमच्या मोरीच्या अंगाला असलेल्या भिंतीचे पोपडे निघत आणि त्यावर पांढरे मीठ फुटत असे. अशा भिंतीवर कितीही भारी रंग द्या, एका पावसाळ्यात तो फुगून येतो. ओल झाकायची नसते, तिचे मूळ शोधायचे असते. आमच्याकडे मोरीतला नळ भिंतीच्या आत झिरपत होता. तो बदलला, तेवढा गिलावा पाडून नवा केला. नवा गिलावा चांगला वाळू द्यावा लागतो. गवंड्याने चार आठवडे सांगितले, आम्ही सहा दिले. त्यासाठी दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. पावसाळ्यात रंगाच्या नादी लागू नये.

दुसरी गोष्ट जुना रंग खरवडण्याची. जुन्या तेलरंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. म्हणून जुना रंग आधी पाण्याने भिजवून मगच खरवडावा, आणि मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे. नव्या रंगांसाठी सरकारने २०१६ साली नियम केले. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये. डब्यावर तसे लिहिलेले असते, ते वाचून घ्यावे. आपल्याला सातवीपर्यंत शिकविले आहे ते अशाच वेळी उपयोगी पडण्यासाठी.

आता खुद्द रंगाकडे येते. दुकानात गेले तर एका जांभळ्याच्या जागी चाळीस जांभळे! प्रत्येकाला इंग्रजी नाव. मी दुकानदाराला सांगितले, "ताम्हणाचे फूल असते ना, आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प? ते उन्हाने फिके पडल्यावर जसे दिसते तसा द्या." त्यांना बरोबर कळले. माझी मुलगी बरोबर होती. ती म्हणाली, "आई, पूर्वी हा रंग फार महाग होता. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचे क्विनीन तयार करू पाहत होता. औषध झालेच नाही, पण भांड्यात जांभळा रंग निघाला. तिथून तो सगळ्यांच्या कपड्यांवर आला." मला माझ्या नीळ-कावेच्या बादलीची आठवण झाली. मी म्हटले, "चुकून झालेला जांभळा मीही केला होता हो!"

दुकानातल्या कार्डावर पाहून रंग नक्की करू नये. कार्डाचा तुकडा बोटभर आणि भिंत हातभर नव्हे, चार बाजूंनी. समोरासमोरच्या भिंतींचा रंग एकमेकींवर पडतो आणि तो कार्डापेक्षा गडद दिसू लागतो. म्हणून कार्डावर जो आवडला त्याहून एक-दोन पायऱ्या फिका घ्यावा. आजकालचा इमल्शन रंग चुन्याच्या उलट वागतो. तो ओला असताना फिका दिसतो आणि वाळल्यावर जरा गडद होतो. म्हणून नमुना वाळल्याशिवाय मत देऊ नये.

आम्ही एक-एक लहान डबी आणून खिडकीच्या बाजूला आणि खिडकीसमोर असे दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवले. पहिला नमुना निळसर जांभळा होता. दुकानात तो सुंदर दिसला. आमच्या खोलीत मात्र चक्क राखाडी! कारण असे, की उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो. गार उजेडात गार रंग आणखी गार होतो. दुसरा नमुना आणला त्यात किंचित गुलाबी अंग होते. तो त्याच भिंतीवर फुलासारखा उमलला. ज्यांच्या खोलीत पश्चिमेचे ऊन येते त्यांनी मात्र उलट करावे. तिथे निळसर घ्यावा, नाहीतर संध्याकाळी सगळी खोली गुलाबी होऊन बसेल.

दिव्याचेही तसेच आहे. पहिल्या रात्री आम्ही पिवळ्या उजेडाचा दिवा लावला, तर जांभळा रंग मातकट झाला. पांढरा लावला, तो परत आला. जांभळा आणि पिवळा हे एकमेकांचे उलटे रंग; पिवळ्या उजेडात जांभळा विझतो. दिव्याच्या खोक्यावर २७०० के असे लिहिले असेल तर तो पिवळा, ६५०० के असेल तर निळसर पांढरा. आम्ही ४००० चा, मधला घेतला. मैत्रिणींनो, पिवळ्या उजेडात जांभळा विझतो, हे वाक्य जरा ध्यानात ठेवा. मी ते त्या रात्री स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि तरीही माझी चूक झाली.

खोली दहा फूट बाय बारा फूट, उंची दहा फूट. दारे-खिडक्या वजा जाता भिंत सुमारे चारशे चौरस फूट भरली. पुट्टी, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. दोन हातांना साडेसहा लिटर रंग लागला. छत पांढरेच ठेवले, म्हणजे ह्यांचेही मन राखले आणि उजेडही वाढला. मजुरीसकट साडेनऊ हजारांत काम झाले. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून त्यावर नंबर लिहून ठेवला. पुढे डाग पडला तर तोच रंग पुन्हा मिळण्याची खात्री नसते.

या रंगाबरोबर काय शोभते, असे पुष्कळजणींनी विचारले होते. सागवानी कपाट शोभते. पांढरे किंवा दुधाळ पडदे शोभतात. जांभळ्या भिंतीला जांभळेच पडदे लावू नयेत, डोळ्यांना कंटाळा येतो. आणि सगळ्यांत शोभते ते पितळ. जांभळ्या इरकलीवर सोन्याचे मणी कसे उठून दिसतात? तशीच या भिंतीपुढे घासलेली पितळी समई दिसते. फळीवर दोन जुने पितळी तांबे ठेवले आणि एकात शेवंतीची फुले घातली, की आणखी सजावट विकत आणावी लागत नाही.

इथवर माहिती झाली. आता चूक सांगते.

माघ महिन्यात रंग झाला. तीन दिवस आत्याबाई पुढच्या खोलीत निजल्या होत्या. चौथ्या दिवशी आम्ही खाट आत लावली आणि त्यांना घेऊन आलो. मुलगी टाळ्या वाजवीत होती. ह्यांनीही, "थंड वाटते बरे का," असे म्हटले होते. आत्याबाई दारात थांबल्या, भिंतीवरून हात फिरवला, जवळ जाऊन पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यो कसला रंग गं? चुलीतली राख फासल्यावानी."

मला फार लागले. बावीस वर्षांत घरातले काही मी प्रथमच माझ्या मनाने केले होते आणि त्याला पहिला शब्द हा! मी म्हटले, "आत्याबाई, जांभळा आहे तो. कारवीच्या फुलासारखा." त्यांचे माहेरही आमच्याच डोंगराचे. त्या म्हणाल्या, "कारवी मला नगं शिकवू. कारवी मी बघितल्याली हाय. ही राख हाय."

दोन दिवसांनी पुन्हा तेच. "जितं माणूस निजलंय हितं, आन् भिंतीला राख." आठव्या दिवशी मी बाजारातून आले, तर खाटेसमोरच्या नव्या भिंतीत दोन खिळे! नातवाकडून ठोकून घेऊन आत्याबाईंनी त्यांवर आपली जुनी पिवळी फुलाफुलांची चादर टांगली होती. त्या म्हणाल्या, "आता बरं वाटतंय. हिच्यात रंग तरी हाय."

माझा तोल गेला. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हटले, "तुमच्या डोळ्यांना माझे चांगले कधी दिसलेच नाही."

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या तोंडून गेले. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यानंतर दोन महिने आम्ही दोघी एका घरात कामापुरतेच बोललो. "जेवायला वाढू का?" "वाढ." एवढेच. ती चादर मी रोज झाडत होते आणि रोज मनात म्हणत होते, की हा निव्वळ हट्ट आहे.

खरे तर खुणा कितीतरी होत्या. भर दुपारी तांदूळ निवडायला बसल्या की दिवा लावायला सांगत. काळे पोलके आणि निळे पोलके यांत गोंधळ करीत आणि नातीला विचारीत. रस्त्यावरच्या दिव्याभोवती कडे दिसते म्हणत. मला हे सगळे दिसत होते, पण मी त्याला म्हातारपणाची कुरकुर समजले. शेवटी एक दिवस ह्यांच्या ताटातल्या भातात दोनदा खडा लागला. आत्याबाईंच्या निवडण्यात खडा राहणे म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणे! ह्यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात अधिक.

वैशाखात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्याच दिवशी घरी सोडले, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डोळ्यात थेंब घालायचे काम माझ्याकडे होते. तिसऱ्या दिवशी सकाळी थेंब घालून मी स्वयंपाकघरात गेले, तर हाक आली, "सूनबाई!" दोन महिन्यांनी अशी हाक ऐकली. मी धावत गेले. आत्याबाई खाटेवर बसून खिडकीवरच्या भिंतीकडे बघत होत्या. त्यांनी विचारले, "मी दवाखान्यात हुते तवा परत रंग दिला का गं?"

मी म्हटले, "नाही, आत्याबाई. तोच आहे."

त्यांनी तळहाताने, डोळ्याला न टेकवता, उजवा डोळा झाकला आणि पाहिले. मग डावा झाकला आणि पाहिले. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. मग म्हणाल्या, "ह्यो डोळा म्हनतो कारवी, आन् ह्यो डोळा म्हनतो राख. आता खरं कुनाचं धरू?"

मी तिथेच खाटेच्या कडेवर बसले. मला उभे राहवेना.

पुढच्या तपासणीला मी मुद्दाम बरोबर गेले आणि डॉक्टरांना विचारले. त्यांनी मला समजेल असे सांगितले. आपल्या डोळ्यात एक स्वच्छ भिंग असते. वय वाढते तसे ते गढूळ होते आणि पिवळट-तपकिरीही होत जाते. पिवळी काच निळा आणि जांभळा उजेड अडवते, म्हणून ते रंग आधी विझतात. पिवळे, तांबडे रंग मात्र बरेच दिवस दिसत राहतात. हा बदल इतक्या हळूहळू होतो, की त्या माणसाला आपल्याला कमी दिसते आहे असे वाटतच नाही. जग फिके झाले असे वाटते. शस्त्रक्रियेत ते जुने भिंग काढून नवे स्वच्छ भिंग बसवतात आणि निळे-जांभळे रंग परत येतात. क्लोद मोने नावाचे मोठे फ्रेंच चित्रकार होऊन गेले, त्यांनाही मोतीबिंदू होता आणि १९२३ साली त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, असे मुलीने मागाहून वाचून सांगितले. एवढ्या मोठ्या रंगाच्या जाणकाराला जे झाले, ते आमच्या आत्याबाईंना झाले तर त्यात हट्ट कसला?

घरी येऊन मी मुलीच्या हस्तकलेच्या सामानातला पिवळा जिलेटीनचा कागद काढला, दोन घड्या घालून डोळ्यापुढे धरला आणि आमच्या भिंतीकडे पाहिले. जांभळा रंग गेला होता. समोर मळकट, राखेसारखी भिंत होती. पिवळी चादर मात्र तशीच छान दिसत होती. तो कागद मी आज पिशवीतून आणला आहे. हा घ्या, एकीकडून दुसरीकडे द्या, आणि अध्यक्षबाईंच्या जांभळ्या साडीकडे त्यातून बघा. म्हणजे आमच्या आत्याबाई काय बघत होत्या ते कळेल.

पिवळ्या दिव्याखाली जांभळा विझतो, हे मला ठाऊक होते. दिव्याला मी दोष दिला नाही, दिवा बदलला. पण तोच पिवळेपणा माणसाच्या डोळ्यात असेल, हे माझ्या मनात आले नाही. तिथे मी माणसालाच दोष दिला. "तुमच्या डोळ्यांना माझे चांगले कधी दिसलेच नाही" हे मी टोचून बोलले होते, आणि ते अक्षरशः खरे होते. "दिसते तसे नसते, म्हणून जग फसते" ही म्हण आपण दुसऱ्यांना ऐकवतो. फसले होते ती मीच.

त्या दिवशी दुपारी मी चहा केला, दोन कप घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि म्हटले, "आत्याबाई, माझे चुकले. मी वाईट बोलले." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाल्या, "चुकलं कुनाचं? मला राख दिसत हुती, मी राख म्हनले. तुला कारवी दिसत हुती, तू कारवी म्हनलीस. खोटं कुनीच बोललं न्हाई." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती चादर काढ आता. भिंत दिसंना."

चादर काढली. बाटलीतल्या रंगाने खिळ्यांची भोकेही बुजवली. जवळून पाहिले तर अजून दिसतात. पुढे डाव्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया झाली. आता आत्याबाई दुपारी दिव्याशिवाय तांदूळ निवडतात आणि घरी येणाऱ्या प्रत्येकीला सांगतात, "रंग आमच्या सूनबाईनं निवडलाय. कारवीचा हाय." त्यातही मधूनच म्हणतात, "जरा आनखी गडद चालला असता." आता ते मत आहे, आणि मत द्यायचा त्यांना अधिकार आहे, कारण दिवसाचे चोवीस तास त्या भिंतीसमोर मी नाही, त्या असतात. खरे म्हणजे रंग ठरवण्याआधी नमुन्याचा चौकोन मी त्यांनाच सर्वांआधी दाखवायला हवा होता. त्या वेळी विचारले असते तर, "मला राख दिसते," हे उत्तर तेव्हाच मिळाले असते आणि डोळ्यांचे दुखणे तीन महिने आधी कळले असते. मी उजेडाला विचारले, दुकानदाराला विचारले, मुलीला विचारले. जिच्या खाटेसमोरची भिंत, तिलाच विचारायचे राहिले.

म्हणून माझ्या मैत्रिणींना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, खोलीचा रंग ठरवताना त्या खोलीत जास्त वेळ कोण असते ते पाहा आणि नमुना त्या माणसाला सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर असा तीन वेळा दाखवा. दुसरी, घरातले वडील माणूस रंग ओळखण्यात चुकू लागले, दिव्याभोवती कडे दिसते म्हणू लागले, सारखा जास्त उजेड मागू लागले, तर त्याला किरकिर म्हणू नका. डोळे तपासून घ्या. आपल्या देशात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालापासून चालू आहे आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. पैशांसाठी कोणी अंधारात बसू नये.

तिसरी विनंती मंडळाला आहे. दर वर्षी वर्धापनदिनाला आपण रांगोळीची स्पर्धा घेतो. ती घ्यावीच. पण पुढच्या वर्षी त्याआधी एक रविवार काढून आपण आपल्या आळीतल्या साठीपुढच्या सगळ्या माणसांची यादी करावी आणि त्यांना चार-चार जणांनी मिळून डोळे तपासायला न्यावे. रिक्षाचे भाडे भिशीच्या शिलकीतून देता येईल. रांगोळी आपण काढणार. ती पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना तिचे रंग दिसायला हवेत ना?

आमच्या मधल्या खोलीचा रंग पाहायला या, असे मी सगळ्याजणींना आग्रहाने सांगते. दुपारी या, म्हणजे उजेड चांगला असतो आणि आत्याबाईही जाग्या असतात. त्या तुम्हांला आधी एक डोळा झाकून बघायला लावतील, मग दुसरा. त्यांना राग येऊ देऊ नका. सांगतील तसे करा.

तो पिवळा कागद मात्र जाताना परत करा. तो मुलीचा आहे.